नियमासमोर नुसते ‘स्टाइल.सीएसएस:४१२’: स्टाइलशीटचा ठावठिकाणा ब्राउझरने कसा दाखवावा?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार. एका पतसंस्थेचे वर्डप्रेसवरचे संकेतस्थळ मी सांभाळतो. ठेवींच्या व्याजदरांचा तक्ता मोबाइलवर पडद्याबाहेर जात असल्याची तक्रार आली, म्हणून क्रोममध्ये पान उघडून त्या तक्त्यावर ‘इन्स्पेक्ट’ केले, म्हणजे ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स ही तपासणीची साधने उघडली. स्टाइलशीटमधल्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलमधल्या) ज्या नियमामुळे रुंदी बिघडत होती तो लगेच सापडला आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘स्टाइल.सीएसएस:४१२’ असा, म्हणजे फाइलचे नाव आणि ओळ असा, ठिकाणा दिसला. मी चाइल्ड थीममधली (मूळ थीमवर आपले बदल ठेवणाऱ्या उप-थीममधली) स्टाइल.सीएसएस उघडून ४१२व्या ओळीवर गेलो. तिथे तक्त्याचाच, जवळजवळ तसाच दिसणारा नियम होता. तो बदलला, फाइल चढवली, पान ताजे केले. काहीच फरक पडला नाही. कॅशचा, म्हणजे साठवलेल्या जुन्या प्रतीचा, दोष असेल असे समजून कॅश रिकामी केली, मग सर्व्हरवरची कॅश रिकामी केली, मग नियमाला इतरांवर मात करायला लावणारी ‘इंपॉर्टंट’ ही खूण लावून पाहिली. दीड तास गेल्यावर माउस त्या ठिकाण्यावर सहज थांबला, पूर्ण पत्ता तरंगत वर आला आणि कळले की ही फाइल थीमची नसून तक्त्यांच्या प्लगइनची आहे. त्या एका पानावर स्टाइल.सीएसएस नावाच्या चार फायली होत्या.

चूक माझी आहे, हे मान्य. तरीही मला पडलेला प्रश्न असा आहे की, एकाच पानावर एकाच नावाच्या चार फायली आहेत हे ब्राउझरला पक्के ठाऊक असताना त्याने मला नुसते नाव का दाखवावे? आपल्याकडे ‘पिंपळगाव’ एवढाच पत्ता घालून कोणी पत्र टाकत नाही. मु. पो. नंतर ता. आणि जि. लिहावेच लागते, कारण पिंपळगावे ठिकठिकाणी आहेत. डेव्हलपर टूल्समध्ये हा तालुका कसा दाखवता येईल, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

मोसंबीवाला (जालना)

तुमच्या दीड तासाबद्दल सहानुभूती आहे, पण उपाय तुमच्याच हातात होता. माउस थांबवला की पूर्ण पत्ता दिसतो, ठिकाण्यावर क्लिक केले की नेमकी फाइल उघडते आणि ‘सोर्सेस’मध्ये ती कोणत्या फोल्डरमधली आहे हेही दिसते. फायरफॉक्समध्ये नियमावर उजवी क्लिक करून ठिकाणा नक्कल करून घेण्याचीही सोय आहे. इतके सगळे असताना त्या चिंचोळ्या पॅनेलमध्ये आणखी मजकूर कोंबला, तर निवडकर्त्यालाच (नियम कोणत्या घटकाला लागू आहे हे सांगणाऱ्या भागालाच) जागा उरणार नाही. दुसरे असे की, फायलींना धड नावे दिली तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

गोदाकाठ (नांदेड)

धड नावे देणे माझ्या हातात नाही, मोसंबीवाला. वर्डप्रेसमध्ये थीमच्या मुख्य स्टाइलशीटचे नाव स्टाइल.सीएसएस असेच असावे लागते, कारण थीमचे नाव, आवृत्ती वगैरे माहिती त्याच फाइलच्या डोक्यावरच्या टिप्पणीतून वाचली जाते. चाइल्ड थीमलाही तोच नियम लागू आहे. म्हणजे मूळ थीम आणि चाइल्ड थीम या दोन्हींची शैली पानावर आली, की दोन सारखी नावे नियमानेच झाली. प्लगइन लिहिणारे सवयीने तेच नाव ठेवतात, तो भाग वेगळा.

तिसरी_ओळ (छत्रपती संभाजीनगर)

आमच्या कंपनीत वर्डप्रेस नाही, रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी आहे, तरी दुखणे तेच. प्रत्येक घटकाचे स्वतंत्र फोल्डर आणि त्यात ‘इंडेक्स’ नावाची स्टाइलशीट, अशी आमची मांडणी आहे. पॅनेलमध्ये एकाखाली एक सात इंडेक्स दिसतात. मोसंबीवाला म्हणतात तसे प्रत्येकावर माउस थांबवत बसणे एका नियमासाठी ठीक आहे, पण एका बटणाला लागू होणारे दहा-बारा नियम डोळ्यांनी एकदम चाळायचे असतात, तेव्हा लपवलेली माहिती असून नसल्यासारखीच असते.

या मांडणीचे मूळ जुने आहे. २००६ साली आलेल्या फायरबग या फायरफॉक्सच्या तपासणी-एक्स्टेंशनमध्येही नियमाच्या उजवीकडे फाइलचे नाव आणि कंसात ओळ असेच दिसत असे. त्या काळी बहुतेक साइटला एक, फार तर तीन स्टाइलशीट असत आणि त्या माणसाने हाताने लिहिलेल्या असत, त्यामुळे नाव आणि ओळ एवढ्यावर भागत होते. फायरबग २०१७ साली बंद झाला, पण त्याची ही सवय सगळ्या ब्राउझरांनी वारशाने घेतली. आज फाइल हाताने लिहिलेली नसते, ती बांधणीच्या साधनांतून बाहेर पडते. मिनिफाय केलेली (मोकळ्या जागा काढून आटवलेली) फाइल असेल आणि मूळ फाइलशी जुळवणी सांगणारा सोर्स मॅप नसेल, तर सगळे नियम पहिल्याच ओळीवर असतात, मग ‘मेन.सीएसएस:१’ या ठिकाण्याला काय अर्थ उरतो?

शून्याधारित (लातूर)

मी महाविद्यालयात वेब तंत्रज्ञान शिकवतो. प्रात्यक्षिकाच्या तासाला निम्मे प्रश्न याच कोपऱ्यावरून येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्या कोपऱ्यात आज निदान पाच जातींच्या गोष्टी एकाच करड्या अक्षरात दिसतात. खरी फाइल असेल तर नाव आणि ओळ दिसते. पानातच लिहिलेल्या ‘स्टाइल’ टॅगमधला नियम असेल तर तसे सांगितले जाते. ब्राउझरची स्वतःची मूळ शैली असेल तर ‘यूजर एजंट स्टाइलशीट’ असे दिसते. एक्स्टेंशनने टोचलेली शैली निराळी, आणि जावास्क्रिप्टने स्मृतीतच तयार केलेली स्टाइलशीट त्याहून निराळी, कारण तिला मुळात पत्ताच नसतो. सोर्स मॅप असला तर यांत सहावी जात येते: दिसणारा ठिकाणा सॅसच्या (जिच्यातून सीएसएस तयार होते त्या भाषेच्या) फाइलचा असतो, पण ब्राउझरने ती फाइल पान रंगवण्यासाठी वाचलेलीच नसते.

हे मुलांना समजावताना मी जमिनीच्या एकत्रीकरणाचे उदाहरण देतो. एकत्रीकरणानंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आता सातबारा गट नंबराने निघतो, पण जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो, म्हणून कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुळवून पाहावे लागते. सोर्स मॅप म्हणजे तोच उतारा. बाहेर पडलेल्या फाइलमधला अमुक ओळीचा अमुक स्तंभ हा मूळ कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीतून आणि स्तंभातून आला, एवढीच नोंद त्यात असते. ती नोंद आटोपशीर राहावी म्हणून आकडे आधीच्या नोंदीपासूनच्या फरकाने लिहितात आणि ते बेस-६४ मध्ये सांकेतिक करतात. ओळींची मोजणी तिथे शून्यापासून होते आणि पॅनेल मात्र एकपासून दाखवते. माझ्या टोपणनावाचा उगम याच घोटाळ्यात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या सोर्स मॅपला एक्मा या मानक-संस्थेचे एक्मा-४२६ हे अधिकृत मानक मिळाले. त्याआधी कितीतरी वर्षे सगळा कारभार एका सामायिक दस्तऐवजाच्या भरवशावर चालू होता.

माझे म्हणणे असे की, ‘तालुका’ दाखवण्याआधी उतारा जोडला आहे की नाही हे दाखवा. दिसणारी ओळ ब्राउझरने प्रत्यक्ष वाचलेली आहे की नकाशावरून काढलेली, हे एका नजरेत कळले पाहिजे.

तिसरी_ओळ (छत्रपती संभाजीनगर)

सर, याला एक पुरवणी. आमच्याकडे सॅसनंतर पोस्टसीएसएस हे तयार सीएसएसवर आणखी प्रक्रिया करणारे साधन चालते. दुसऱ्या टप्प्याने पहिल्याचा नकाशा सोबत घेतला नाही, तर साखळी मध्येच तुटते आणि ठिकाणा मूळ फाइलचा न येता मधल्या, कोणाच्याही कामाच्या नसलेल्या फाइलचा येतो. त्या फाइलचे नाव आणि मूळ फाइलचे नाव बहुधा एकच असते, फक्त प्रत्यय वेगळा. पॅनेल अरुंद असले की नेमका प्रत्ययच दिसेनासा होतो.

शिवाय मिक्सिन, म्हणजे सॅसमधला पुन्हा पुन्हा वापरता येणारा घोषणांचा गठ्ठा, आहेच. निवडकर्ता एका फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि आतल्या घोषणा दुसऱ्या फाइलमधल्या मिक्सिनमधून येतात. नियमाला कोपरा एकच, त्यामुळे निवडकर्त्याचा ठिकाणा दिसतो. क्रोममध्ये कंट्रोल दाबून गुणधर्मावर क्लिक केले तर त्या घोषणेच्या मूळ ओळीवर जाता येते, पण ही सोय मी ज्यांना ज्यांना दाखवली त्यांतल्या कोणालाही ती आधी माहीत नव्हती.

कयाधू (हिंगोली)

एसटीच्या पाटीवर ‘हिंगोली–परभणी’ एवढेच लिहिले, तर जिंतूरला उतरणारा माणूस वसमत मार्गे जाणाऱ्या गाडीत बसेल. म्हणून खाली ‘औंढा, जिंतूर मार्गे’ असे लिहितात. सरांनी सांगितलेला नकाशाचा प्रकार आणि ‘इंपोर्ट’ने आत ओढलेल्या स्टाइलशीटचा प्रकार, या दोन्हींना ‘मार्गे’ हवा, असे मला वाटते. थरांच्या बाबतीत हे झालेलेच आहे. २०२२ साली ‘लेयर’, म्हणजे नियमांचे प्राधान्य ठरवणारे थर, सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आले आणि आता नियमाच्या डोक्यावर तो कोणत्या थरातला आहे हे दिसते. मीडिया क्वेरीही (पडद्याच्या रुंदीसारखी अटही) तशीच दिसते. मग ही फाइल कोणत्या फाइलने आत आणली, हे तिथेच का दिसू नये?

मी फायरफॉक्सच्या रूल्स पॅनेलचा कोड थोडाफार वाचला आहे. डेव्हलपर टूल्सचा हा दर्शनी भाग जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेला असल्यामुळे आपल्यासारख्यांना तो वाचणे अवघड नाही. इथे एकमत झाले, तर बगझिलावर, म्हणजे फायरफॉक्सच्या दोषांच्या नोंदवहीत, सूचना मी लिहीन. क्रोमियमच्या (क्रोमच्या मूळ प्रकल्पाच्या) नोंदवहीत मात्र दुसऱ्या कोणीतरी लिहावे.

मोसंबीवाला (जालना)

एकमत एवढ्यात होणार नाही. तुम्ही मागता ते सगळे दिले, तर त्या कोपऱ्याचा दिवाळी अंक होईल. नाव, ओळ, फोल्डर, नकाशाची खूण, ‘मार्गे’ आणि क्रोममध्ये पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढचा आवृत्तीचा आकडाही दिसतो तो वेगळाच. निदान तो आकडा तरी काढून टाका. ठिकाणा सांगताना आवृत्तीचे काय काम?

बिंदुसरा (बीड)

आवृत्तीचे काम आहे. फाइल बदलूनही पान बदलत नसेल, तर ब्राउझरकडे जुनी प्रत आहे की नवी, हे मला त्या आकड्यावरूनच कळते. गोदाकाठ कॅशमागे दीड तास धावले, त्यातली निदान दहा मिनिटे या आकड्याने वाचली असती. शिवाय काही ठिकाणी प्रश्नचिन्हापुढचा भाग हीच खरी ओळख असते. गूगल फॉन्ट्सच्या पत्त्यात फाइलचे नाव म्हणून ‘सीएसएस२’ एवढेच असते आणि कोणता फॉन्ट हवा ते प्रश्नचिन्हापुढे येते. तो भाग कापला, तर मुक्ताची स्टाइलशीट आणि बालूची स्टाइलशीट सारखीच दिसेल. म्हणून सरसकट कापू नये. कापल्यावरही नाव एकमेव राहत असेल तरच कापावे.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती मराठीत फाइलनावे देणाऱ्यांच्या जिव्हाळ्याची आहे. आमच्या तालुकावार माहितीच्या साइटवर फोल्डरांची नावे देवनागरीत आहेत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरांत लिहिला जातो. ‘परभणी’ या शब्दात चिन्हे ५, म्हणजे बाइट १५ आणि पत्त्यातली अक्षरे ४५. तालुका दाखवायचा असे आपण ठरवले आणि तो असा सांकेतिक रूपात दाखवला, तर एका परभणीने सगळे पॅनेल खाल्ले. म्हणून आधी उलगडावे आणि मग कापावे, हा क्रम सूचनेत स्पष्ट लिहिला पाहिजे.

कापण्यातही खोच आहे. कोडमध्ये अक्षरे मोजून कापले, तर जोडाक्षराच्या मध्येच कात्री लागते आणि ‘क्षेत्र’चे ‘क्’ होऊन बसते. यासाठी जावास्क्रिप्टमध्ये मजकूर अक्षरांत तोडणारा ‘इंटल.सेगमेंटर’ आहे, फायरफॉक्समध्ये तो एप्रिल २०२४ मध्ये १२५व्या आवृत्तीत आला. आपल्या जोडाक्षरांना अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या मानकातही २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीतच आला. म्हणजे आपली गरज फार जुनी असली, तरी साधने अगदी अलीकडची आहेत.

शून्याधारित (लातूर)

बिंदुसरा यांचा मुद्दा बिनतोड आहे. कापण्याबद्दल मी आणखी एक सांगतो, कारण इथे बरेच जण एक जुनी क्लृप्ती सुचवतील. पत्ता डावीकडून कापला जावा आणि शेवटचे नाव शाबूत राहावे, म्हणून काही लोक मजकुराची दिशा उजवीकडून डावीकडे करतात. तसे केल्याने टिंबे डावीकडे येतात खरी, पण पत्त्याच्या सुरुवातीची तिरपी रेघ उडी मारून शेवटी जाऊन बसते, कारण विरामचिन्हांना स्वतःची दिशा नसते. त्यापेक्षा ठिकाण्याचे दोन तुकडे करावेत. फोल्डरचा तुकडा आक्रसणारा ठेवावा, म्हणजे सीएसएसच्या फ्लेक्स मांडणीत त्याची किमान रुंदी शून्य करून जादा मजकूर टिंबांनी झाकावा. फाइलचे नाव आणि ओळ यांचा तुकडा मात्र मुळीच न आक्रसणारा असावा. पॅनेल कितीही अरुंद झाले, तरी ओळीचा आकडा झाकला जाता कामा नये.

तिसरी_ओळ (छत्रपती संभाजीनगर)

यावर माझी हरकत नाही. आता फोल्डर केव्हा दाखवायचे ते ठरवू. व्हीएस कोडमध्ये एकाच नावाच्या दोन फायली उघडल्या, तरच टॅबवर नावाशेजारी फोल्डर येते. ईमॅक्समध्येही सारख्या नावांना वेगळे करण्याची अशीच व्यवस्था आहे. तोच नियम इथे लावावा. नाव एकमेव असेल तर काहीच जोडू नये. दुसरे तसेच नाव असेल तर जिथे फरक सुरू होतो तिथपर्यंतचे फोल्डर जोडावे. मोसंबीवाला यांच्या दिवाळी अंकाची भीतीही त्याने जाईल.

मोसंबीवाला (जालना)

भीती कमी झाली, गेलेली नाही. सारखेपणा कशाच्या तुलनेत बघणार? आत्ता निवडलेल्या घटकाला लागू होणाऱ्या नियमांपुरता बघितला, तर मी परिच्छेद निवडला की ‘स्टाइल.सीएसएस’ दिसेल आणि तक्ता निवडला की तीच फाइल ‘थीम/स्टाइल.सीएसएस’ होईल. एकाच फाइलला घटकागणिक वेगळे नाव म्हणजे आजच्यापेक्षा मोठा गोंधळ.

कयाधू (हिंगोली)

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आज मी आकृत्या काढत बसले होते आणि इथेच अडले होते. तुलना घटकापुरती न करता पानावरच्या सगळ्या स्टाइलशीटांमध्ये करावी. ती यादी टूल्सकडे आधीपासूनच असते, कारण फायरफॉक्समधला स्टाइल एडिटर तीच दाखवतो. यादी बदलली तरच पुन्हा मोजणी करावी. घटक निवडल्यावर दर वेळी करू नये, म्हणजे पॅनेल रेंगाळणार नाही. पान उघडल्यानंतर उशिरा एखादी स्टाइलशीट आली आणि तिच्यामुळे जुन्या फाइलला फोल्डर जोडावे लागले, तर तेवढ्यापुरते नाव बदलेल. ते मला क्षम्य वाटते. तुम्हाला?

मोसंबीवाला (जालना)

क्षम्य आहे. मात्र जोडलेले फोल्डर फिकट रंगात आणि नाव-ओळ ठळक असावी, ही माझी अट. आणि ‘मार्गे’ कोपऱ्यात नको, डोक्यावर ‘लेयर’च्या शेजारी हवा.

गोदाकाठ (नांदेड)

पहिल्या प्रतिसादात मोसंबीवाला यांनी मला फायलींची नावे बदलायला सांगितले होते, तेच आता अटी घालून सामील झाले, याचा आनंद आहे. तोपर्यंतच्या सोयीसाठी एक सांगतो. पानातच लिहिलेल्या ‘स्टाइल’ टॅगच्या शेवटी टिप्पणीत ‘सोर्सयूआरएल’ देऊन नाव लिहिले, तर क्रोममध्ये तो टॅग त्या नावाने दिसतो. वर्डप्रेस पानात जे छोटे तुकडे ओतते, त्यांतल्या माझ्या तुकड्यांना मी काल अशी नावे दिली.

कयाधू (हिंगोली)

सूचनेचा मसुदा इथे देते, दुरुस्त्या कळवाव्यात.

‘रूल्स पॅनेलमध्ये नियमाच्या ठिकाण्यात सध्या पत्त्याचा शेवटचा घटक आणि ओळ दिसते. एकाच पानावर एकाच नावाच्या अनेक स्टाइलशीट असतील, तर त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. अशा वेळी पानावरच्या सर्व स्टाइलशीटांशी तुलना करून वेगळेपणासाठी लागेल तेवढाच मागचा पत्ता नावाआधी फिकट रंगात दाखवावा. प्रश्नचिन्हापुढचा भाग वगळल्याने दोन नावे सारखी होत असतील तर तो वगळू नये. सांकेतिक पत्ता आधी उलगडावा आणि मगच आक्रसावा. ओळीचा आकडा कधीही झाकू नये. सर्व नियम एकाच ओळीवर असलेल्या फाइलसाठी ओळीसोबत स्तंभही दाखवावा. ठिकाणा सोर्स मॅपवरून काढलेला असेल तर तशी खूण असावी आणि माउस थांबवल्यावर मूळ व प्रत्यक्ष असे दोन्ही पत्ते दिसावेत.’

‘मार्गे’चा भाग मी मुद्दाम वगळला आहे. एका सूचनेत एकच बदल असला, तर कोणीतरी हाती घेण्याची शक्यता वाढते. तो वेगळा नोंदवू.

बिंदुसरा (बीड)

मसुदा उत्तम. डोळ्यांनी न पाहता पडदा-वाचकावर काम करणाऱ्या विकसकासाठी मात्र दोन तुकडे सलग वाचले गेले पाहिजेत, एवढे वाक्य घालावे. नाहीतर ‘थीम’ एकीकडे आणि ‘स्टाइल’ दुसरीकडे ऐकू येईल.

शून्याधारित (लातूर)

सोबत चाचणीचे पान जोडल्याशिवाय सूचना पाठवू नये. ज्याला दुरुस्ती करायची आहे त्याच्यासमोर बिघाड दोन क्लिकमध्ये उभा राहिला पाहिजे. गोदाकाठ, हे काम तुम्ही घ्याल का?

गोदाकाठ (नांदेड)

घेतले, आणि आज दुपारी करूनही ठेवले. चार फोल्डर आहेत, प्रत्येकात स्टाइल.सीएसएस आहे आणि प्रत्येकीत ४१२व्या ओळीवर तक्त्याचा नियम आहे. एका फोल्डरचे नाव ‘परभणी’ असे देवनागरीत ठेवले आहे. चारही ठिकाणे क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तपासून चित्रे घेतली आहेत.

करताना एक नवी अडचण लक्षात आली, ती कयाधू यांनी मसुद्यात घ्यावी. मी पाचवी फाइल दुसऱ्या सर्व्हरवर ठेवली, फोल्डरासकट तंतोतंत त्याच मार्गावर. साइटची मूळ प्रत आणि सीडीएनवरची (फायली झटपट पोहोचवणाऱ्या इतर सर्व्हरांवरची) प्रत एकाच पानावर आली तर असेच होईल. इथे फोल्डर कितीही मागे नेले तरी फरक सापडत नाही, कारण फरक सर्व्हरच्या नावात आहे. तालुकाही तोच आणि जिल्हाही तोच, मग राज्य लिहावे लागणार.

कयाधू (हिंगोली)

घेते. ‘मागचा पत्ता’ या शब्दांऐवजी ‘गरज पडल्यास सर्व्हरच्या नावासह मागचा पत्ता’ असे लिहिते. पान कुठे चढवले ते कळवा, उद्या सकाळी नोंद करते.